युसुफचाचांचा पंखा

युसुफचाचा कुठल्याही वस्तूला आधी हात लावायचे, मग बोलायचे. चहाच्या कपाला, स्कूटरच्या इंजिनाला, मीटरच्या पेटीला, माणसाच्या कपाळाला. तळहात पुरा टेकवायचा, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. एकदा मी तक्रारीवर गेलो तर दारातच माझ्या कपाळावर हात ठेवून बोलले, “एकशे एक. घरी जा.” मी बोललो, चाचा, तक्रार तुमच्या इंटरनेटची हाय, माझी नाय. ऐकलं नाय त्यांनी. घरी थर्मामीटर लावला तर एकशे एक आणि वर दोन रेघा. दुसऱ्या दिवशी मी कौतुकाने सांगायला गेलो तर त्यांचं तोंड उतरलं. त्या दोन रेघा हाताला कशा कळल्या नाय म्हणून.

मी सुकापूरचा, लाइनमन. पनवेलात घरोघरी इंटरनेटच्या वायरी ओढतो. आठवीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा आठवीच जिंकली. राऊटरबद्दल माझं ज्ञान एवढंच की हिरवे दिवे असले तर घरी जायचं आणि लाल दिसला तर डब्याची पिन काढायची, दहा मोजायचे, परत लावायची. बहुतेक दहात काम होतं. नाय झालं तर साहेबाला फोन. गिऱ्हाइकाला वाटतं, दहा मोजताना हा काहीतरी विचार करतोय. मी फक्त दहा मोजत असतो.

असल्या माणसाला चाचांनी जवळ का केलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाय. ते तीस वर्षं आखातात होते. मोठ्या इमारतीच्या तळघरात एसीची अवाढव्य यंत्रं असतात, त्यांच्यापाशी बसून दर तासाला आकडा लिहायचा, ही त्यांची नोकरी. पनवेलला परत आले तरी ती सुटली नाय. घरात दोनशे पानी वही, पट्टीने आखलेली. वेळ, आकडा, कारण. फ्रिज बंद पडला, लिही. पाण्याची मोटर तापली, लिही. कारण सापडलं नाय तर तो रकाना मोकळा सोडायचे आणि त्या मोकळ्या जागेकडे असे बघायचे, जसं आपण देवळाबाहेर आपल्या चपलेच्या जागेकडे बघतो. आणि नियम असा की ज्याने बंद केलं त्यानेच लिहायचं. मरियमचाचींनी मिक्सर बंद केला तरी पेन चाचींच्या हातात. चाची लिहायच्या, ‘वेळ: दुपार. आकडा: तुम्ही सांगा. कारण: चटणी झाली.’ मी ते पान डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा नियम आठ दिवसांचा. नवीन काही केलं की आठ दिवस ते स्वतः हाताने चालवायचं, रोज बघायचं, मग त्याच्यावर सोडून द्यायचं. गॅसची शेगडी असो, सुमनताई असोत. चाची अंथरुणाला खिळल्यावर त्यांचं करायला सुमनताई पळस्प्याहून यायच्या, त्यांनासुद्धा चाचांनी आठ दिवस सुट्टी न घेता समोर बसून बघितलं. मला वाटतं मला ते शेवटपर्यंत बघतच होते.

चाचींना लकवा झाला तेव्हा उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. राहिला डावा हात आणि राहिले कान. ते कान इतके तिखट झाले की गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली तरी नजर दाराकडे जायची. त्यांची एकुलती एक मुलगी शबाना दोह्याला दिलेली. रोज दुपारी चारला तिचा व्हिडिओ कॉल. फोनच्या एवढ्याशा काचेवर चाचींची नजर ठरत नव्हती, म्हणून चाचांनी टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी आणला आणि शबाना टीव्हीत यायला लागली. तशी फोनची रेंजही घरात नव्हतीच. दोन्ही अंगांना सात-सात मजले उभे राहिले, मधे यांचं बसकं घर. चारला पडद्यावर लेक दिसली की चाचींचा डावा हात चादरीवरून दोन बोटं वर उचलायचा. सुरुवातीला दिवसभरात तेवढीच हालचाल. चाचा ती पण वहीत लिहायचे. वेळ, दोन बोटं. कारणाच्या रकान्यात, शबाना.

आता राऊटर. तो जावयाने दोह्याहून पाठवलेला, चार शिंगांचा, चांगला वजनदार. त्याच्या पोटात एक छोटा पंखा. कंपनीचं सॉफ्टवेअर कॉल मधेच तोडायचं म्हणून चाचांनी इंटरनेटवर वाचून वाचून दुसरंच आत घातलं. सहासष्टाव्या वर्षी. कॉल सुधारला, पण पंख्याचं डोकं फिरलं. डबा चालू केला की पंखा झोपलेला. चाचा लॅपटॉपवरून हुकूम देतील तेव्हा उठायचा, आणि उठला की पुऱ्या जोरात, थांबायचं नाव नाय. माठात मच्छर अडकला की जसा आवाज येतो तसा, दिवसभर. बंद ठेवला तर तासाभरात डबा तापून मान टाकायचा. पुढच्या खोलीत नेऊन बघितला, पण तिथं वर पत्रा, मे महिना, डबा अर्धा तास टिकेना. मागच्या खोलीवरच स्लॅब. आणि मागच्या खोलीत चाची.

त्यांना तो आवाज सहन होत नव्हता. डावा हात उचलून डाव्या कानावर ठेवायच्या. उजव्या कानावर ठेवायला हात नव्हता. दुपारी मी गेलो की बघायचो, चाचा पलंगाला लागून खुर्चीत बसलेत आणि त्यांचा तळहात चाचींच्या उजव्या कानावर. आकडे सांगणारा तो हात. तासन् तास. मी बोललो, चाचा, कापूस घाला ना. बोलले, “कापसाने शबाना पण ऐकू येत नाय.”

मग त्यांनी स्क्रिप्ट लिहायला घेतली. म्हणजे राऊटरला शिकवायचं की तू स्वतःचं पोट किती तापलंय ते बघ आणि त्याप्रमाणे पंख्याला उठव नायतर निजव. परदेशातल्या पोरांनी लिहिलेलं वाचायचे, मांडीवर डिक्शनरी. आधी सगळं वहीत मराठीत लिहिलं. ‘दर मिनिटाला बघ. सत्तर किंवा वर असेल तर चालू. नसेल तर बंद.’ मी वाचून बोललो, एवढंच? हे तर मी पण लिहिलं असतं. चाचा बोलले, “मग बस इथं. तू राऊटर.”

मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. माझं काम, दर वेळी पोटातला आकडा सांगायचा. सुमनताई पंखा. त्यांच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप. चाचा स्वतः स्क्रिप्ट, वही घेऊन उभे. मी बोललो सत्तर. चाचा, चालू. सुमनताईंनी सूप हलवलं. वारा लागला म्हणजे मी थंड होणार, म्हणून मी बोललो एकोणसत्तर. चाचा, बंद. सूप थांबलं. परत सत्तर. चालू. एकोणसत्तर. बंद. दहा-बारा वेळा झाल्यावर सुमनताईंनी सूप माझ्या मांडीवर टाकलं.

“चाचा, एक तर याला वारा घाला, नायतर मला भाकऱ्या थापू द्या,” त्या बोलल्या. “हा काय मधेच तापतो, मधेच निवतो? याला डॉक्टर दाखवा.”

पलंगावरून आवाज आला. चाचींचे खांदे हलत होते. आमाला वाटलं उबळ आली, सुमनताई धावल्या, तर चाची हसत होत्या. लकव्यानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसत होतं. चाचा बराच वेळ बघत राहिले, मग वहीत दुरुस्ती केली. सत्तरला उठव, साठला निजव, मधले दहा अंश त्याचे त्याला, आणि पुरा जोर नको, निम्मा. निम्म्या जोरात आवाजच येत नाय, हे त्यांना त्याच दिवशी समजलं.

दोन दिवसांनी स्क्रिप्ट चालली आणि खोली शांत झाली. किती शांत, तर भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. चाची पेज पुरी संपवायला लागल्या. चाचांचा हात मोकळा झाला, ते सकाळी बाजारात जाऊन पापलेट बघायला लागले, हात लावून ताजेपणा सांगायला लागले, मासेवालीने दोनदा हाकलून दिलं. फक्त एक गोष्ट बाकी होती. राऊटर चालू होताच स्क्रिप्टही आपोआप उठेल, असं अजून केलेलं नव्हतं. ती चाचांनी हाताने सुरू केली होती, त्यांच्या नियमाप्रमाणे आठ दिवस. मग कायमची. तोपर्यंत डब्यावर पुठ्ठा चिकटवला, मोठ्या अक्षरात: ‘बंद करू नये. करणे झाल्यास आधी मला विचारणे. युसुफ.’

सातव्या दिवशी दुपारी अडीचला सुमनताईंनी गल्लीच्या तोंडाशी येऊन मला फोन केला. शबानाला बाळ झालेलं, त्या दिवशी ते इस्पितळातून घरी आलेलं, चारला ती आईला पहिल्यांदा दाखवणार होती. चाचा औषधं आणायला गेलेले. सुमनताईंनी सहज टीव्ही लावून बघितला तर पडद्यावर गोल चाक फिरतंय. मी जवळच होतो, पाच मिनिटांत पोचलो. सुमनताई पेज ढवळायला चुलीकडे गेल्या.

मी पुठ्ठा वाचला. मराठी वाचता येतं मला, तेवढी आठवी झालीय. पण असल्या पाट्या गिऱ्हाइकांसाठी असतात, लाइनमनसाठी नाय, असं माझ्या डोक्याने मला सांगितलं, आणि माझ्या डोक्याचं मी कधी नव्हे ते ऐकलं. पिन काढली, दहा मोजले, लावली. दिवे हिरवे. टीव्हीवर चित्र आलं. मी चाचींकडे बघून अंगठा दाखवला. त्या माझ्याकडेच बघत होत्या. सुमनताईंना ओरडून सांगितलं, झालं चालू, आणि गाडीवर शीळ घालत सुकापूरला गेलो.

पंखा झोपलेला राहिला. चाचा पावणेचारला आले, हात धुऊन चाचींजवळ बसले. चारला शबाना दिसली. सुमनताईंनी मला नंतर सांगितलं, तिने बाळाचं दुपटं बाजूला करायला हात घातला आणि चित्र थिजलं. मग काळं झालं. चाचांनी डब्याला हात लावला तर तळहात भाजला. पंखा थंड. त्यांनी पिन काढली, निववला, परत लावला. आणि तसं केलं की डब्याला आधीचं काय बी आठवत नाय. कधी बंद पडला, कोणी पाडला, सगळं पुसलं. आठवत होतं ते मला.

बाळ दुसऱ्या दिवशी दिसलं. म्हणजे तसं काही बिघडलं नाय, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. त्याच सकाळी चाचांनी मला बोलावलं होतं. चाचींच्या खोलीत उभं करून विचारलं, “काल तू आलास तेव्हा काय केलंस?”

मी बोललो, “काय नाय. बाहेरची वायर जरा हलवली.”

“डब्याला हात लावलास?”

“नाय चाचा. पुठ्ठा वाचला ना मी.”

पलंगावर चाचींचा डावा हात वर झाला. दोन बोटं नाय, पुरा हात. चाचांना वाटलं पाणी पाहिजे. त्यांनी चमच्याने पाणी घातलं, अर्धं ओठांवरून खाली आलं. चाची माझ्याकडे बघत होत्या. अख्ख्या पनवेलात साक्षीदार एकच, आणि तिला बोलता येत नव्हतं.

चाचांना वाटलं त्यांची स्क्रिप्ट मेली. मधेच, कारण न देता. “असलं यंत्र मी तळघरातसुद्धा ठेवलं नसतं, मग माणसाच्या उशाशी कसं ठेवू,” ते बोलले, आणि स्क्रिप्ट बंद करून पंखा पुऱ्या जोरावर टाकला. माठातला मच्छर परत आला. चाचींचा हात परत डाव्या कानावर, चाचांचा उजव्या. वहीत त्या दिवसासमोर कारणाचा रकाना मोकळा.

आणि मग रोज दुपारी मला बोलावणं. कॉल संपला की, “बस. तू राऊटर.” सुमनताई सूप घ्यायच्या, चाचा वही. आमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जायचो. कुठं चुकलं ते शोधायला. मी पण शोधायचो. कपाळाला आठ्या घालून शोधायचो. साठ बोलायचो, सत्तर बोलायचो, एकदा ऐंशी बोललो तर चाचा खूश झाले, कुठंतरी धागा मिळाला असं वाटून. जन्मभर मी लोकांना हसवायला नाटकं केली, लग्नात, गणपतीत, पोलिसाने अडवलं तर पोलिसासमोर. त्यातलं हे सगळ्यात चांगलं झालं. चाचा बारीक झाले. बाजारात जायचे बंद झाले. आकडे चुकायला लागले. सुमनताईंच्या पोरीच्या कपाळाला हात लावून शंभर बोलले, पोरीला काय बी नव्हतं. एक दिवस मला बोलले, “रमेश, तळघरात तीस वर्षं माझ्या हाताखाली एक यंत्र गेलं नाय. घरात आल्यावर कसं झालं?” मी बोललो, चाचा, वय. असं मी बोललो.

एकोणिसाव्या दिवशी मी खुर्चीत बसलो होतो. चाचांनी विचारलं, “किती?”

चाचींचा हात कानावरून खाली आला. त्या माझ्याकडे नाय, पिनेकडे बघत होत्या. हात पिनेकडे थोडा गेला आणि पडला. चाचा वळून बोलले, “थांब ग, सापडेल. जरा सबर कर. हा पंख्याचा आवाज मी बंद करतो.” परत मला, “किती?”

“मी बंद केला होता, चाचा.”

“आकडा सांग.”

“स्क्रिप्ट बरोबर हाय. पिन मी काढली होती. दहा मोजले आणि लावली.”

सुमनताईंच्या हातातलं सूप थांबलं. पंखा तेवढा ओरडत होता. चाचांनी चष्मा काढला, वहीने पुसला, परत लावला. मला वाटलं आता हात उठेल, उठला असता तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “एकोणीस दिवस तुला ठाऊक होतं?”

मी मान हलवली. त्यांनी वही मागे मागे उलटली, ते पान काढलं, पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं. वेळ: पावणेतीन. आकडा माहीत नाय. कारण: रमेश. अक्षर असं की कोंबडी चालत गेलीय. त्यांनी ते वाचलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं, ‘आठ दिवस थांबलो. युसुफ.’ मग चाचींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाय. चाचींनी डोळे मिटले.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्क्रिप्ट कायमची बसवली. डबा कधीही बंद होऊ दे, चालू झाला की आपोआप उठेल अशी. आठ दिवस न बघता. त्यांच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा.

खोली परत शांत झाली. मी जात राहिलो, चहा मिळत राहिला, कपाला हात लावून आकडा सांगणं पण झालं. पण ‘तू राऊटर’ असं त्यांनी मला परत कधी म्हटलं नाय. मी एकदा स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि बोललो सत्तर, हसवायला. चाचा बोलले, “चहा घे.”

चाची थंडीत गेल्या, डिसेंबर लागता लागता. दुपारी चारच्या कॉलनंतर, झोपेत. डबा चालू होता, पंखा निजलेला होता. सुमनताई बोलल्या, घड्याळाचा आवाज येत होता. मला लोक सांगतात, पाच-सहा महिने सुखाने गेले ना त्यांचे. गेले. त्यातून एकोणीस दिवस वजा करता येत नाय कोणाला, मला तर गणित येतच नाय.

फेब्रुवारीत शबाना आली, बाळ घेऊन, आणि चाचांना घेऊन जायचं ठरलं. कनेक्शन काढायला साहेबाने मलाच पाठवलं. रिक्षा गल्लीत उभी होती, शबाना बॅगा मोजत होती. मागच्या खोलीत पलंगाची गादी गुंडाळलेली, टीव्ही गेलेला. चाचा मोकळ्या पलंगावर बसले होते, एक हात राऊटरवर टेकवून. डोळे मिटलेले. मी दारात थांबलो. पुठ्ठा अजून तसाच होता, टेपचा एक कोपरा सुटलेला.

“काढू, चाचा?” मी विचारलं.

त्यांनी हात काढला नाय. बोलले, “एकोणसाठ. आताच निजलाय.”

बाहेरून शबानाने हाक मारली. ते उठले, पलंगाला धरून उठले, वही उशीच्या जागी उघडी ठेवली, तिच्यावर पेन ठेवलं. माझ्या बाजूने जाताना माझ्या कपाळावर तळहात ठेवला. मी डोळे मिटून आकड्याची वाट बघत उभा राहिलो. हात निघाला आणि चपलेचा आवाज पुढच्या खोलीतून बाहेर गेला.

मी पिन काढली. दहा मोजले, सवयीने, लावायची नव्हती तरी. मग वहीत लिहिलं, वेळ अकरा, आकडा एकोणसाठ, आणि कारणाशी येऊन अडलो. विचारायला पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेलो, तर रिक्षा वळत होती. चाचा कडेला बसले होते, मांडीवर बाळ, आणि त्यांचा तळहात बाळाच्या उजव्या कानावर होता.